हवा घेणारी गाडी

जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० सिग्नलला उभी राहिली की थरथरते, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद पडते, आणि हायवेला लागली की काहीच झालं नाही अशी पळते. अशा गाडीचं इंजिन गेलं, असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नये. पुष्कळदा ती कुठून तरी हवा घेत असते. शोधायला चिकाटी लागते, पण सापडल्यावर वीतभर रबरी नळी नाहीतर एखादं पॅकिंग एवढ्यावर काम भागतं. तरीही या एका दोषापायी चांगली इंजिनं उघडली जातात, कार्बोरेटर बदलले जातात, आणि शेवटी मालक कंटाळून गाडी भंगारात देतो. हे थांबवता येण्यासारखं आहे. म्हणून या प्रकरणात आपण या एकाच दोषाच्या मागे लागणार आहोत.

पेट्रोल इंजिनाला हवा लागते, पण हवी तेवढी मिळू नये अशी व्यवस्था आपणच करून ठेवलेली असते. कार्बोरेटरच्या तळाशी चकतीच्या आकाराची एक झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की जवळजवळ मिटते. पिस्टन मात्र दर दुसऱ्या फेरीत खाली जाताना हवा मागतच राहतात. थ्रॉटल मिटलेला आणि पिस्टन ओढताहेत, त्यामुळे दोघांच्या मधल्या जागेत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, दाब खूप घसरतो. समुद्रसपाटीला बाहेरची हवा ७६० मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३० इंच उंचीचा पारा तोलून धरते. इटलीत तोरिचेल्लीने सतराव्या शतकात पाऱ्याच्या नळीने ही गोष्ट दाखवली, आणि मेकॅनिकच्या हातातलं व्हॅक्यूम गेज आजही पाऱ्याच्या इंचांतच मोजतं. धडधाकट इंजिन आयडलिंगला असताना हे गेज १७ ते २१ इंच दाखवतं. याचा अर्थ बाहेर ३० इंचांचा दाब आणि आत जेमतेम ९ ते १३. एवढा फरक असल्यावर बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत शिरणारच.

हवा जास्त आली तर बिघडतं काय? पेट्रोल पूर्ण जळायला एका ग्रॅमला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्बोरेटर हा हिशेब स्वतःमधून जाणाऱ्या हवेवर ठेवतो; जेवढी हवा त्याच्या गळ्यातून जाईल तेवढ्याच मापाने जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. थ्रॉटलच्या खालून, कार्बोरेटरला चुकवून आलेली हवा या हिशेबात धरलेलीच नसते. शहाळ्यातली नळी चिरलेली असली की आपण ओढतो तेवढंच, पण तोंडात पाण्याबरोबर हवा येते. तसंच इथे होतं. मिश्रण पातळ होतं, ठिणगी पडूनही कधी पेटतं, कधी नाही, आणि इंजिन मिसिंग करू लागतं.

एवढीशी फट असा काय फरक पाडणार, अशी शंका येते. त्यासाठी कागदावर हिशेब मांडून पाहू. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. आयडलिंगला मिनिटाला ९०० फेरे धरले आणि आतला दाब बाहेरच्या ४० टक्के धरला, तर बाहेरच्या मापाने ते मिनिटाला सव्वाशे ते दीडशे लिटर हवा घेतं. आता मॅनिफोल्डला २ मिलिमीटर व्यासाचं भोक आहे असं समजा. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण ५३ टक्क्यांखाली गेला की भोकातून येणारी हवा आवाजाच्या वेगाला पोचते. त्यापुढे आत कितीही ओढ असली तरी जास्त हवा येऊ शकत नाही. त्या हिशेबाने या भोकातून मिनिटाला २५ लिटरच्या आसपास हवा शिरते. म्हणजे आयडलिंगला लागणाऱ्या हवेचा पाचवा-सहावा हिस्सा. मिश्रण बिघडायला एवढं पुरेसं आहे. हीच गाडी हायवेवर ३००० फेऱ्यांनी चालली की इंजिन मिनिटाला सातशे लिटर हवा घेतं. भोकातून येणारी हवा मात्र २५ लिटरच्या पुढे जातच नाही, म्हणजे तीन-चार टक्के. इंजिनाला ती जाणवतही नाही. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला तर मॅनिफोल्डमधली ओढच संपते आणि भोक असून नसल्यासारखं होतं. सिग्नलला रडणारी गाडी घाटात मुकाट्याने का चढते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. उलट एखादी गाडी आयडलिंगला शांत आणि चढावर मात्र मिसिंग करत असेल, तर हवेच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथे पेट्रोलचा पंप, मेन जेट, नाहीतर इग्निशन बघावं.

फटीतून घुसणाऱ्या त्या वेगवान हवेचाच 'सूंऽऽ' असा आवाज येतो. बॉनेट उघडून शांत जागी उभं राहिलं तर मोठी गळती नुसत्या कानाने कळते.

स्क्रूला आधी हात लावू नका

आयडलिंग बिघडलं की गॅरेजमध्ये पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या दोन स्क्रूंकडे. एकाने आयडलिंग चढवायचं, दुसऱ्याने मिश्रणात पेट्रोल वाढवायचं. गाडी लगेच शांत होते. मेकॅनिकचाही यात दोष नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि त्याला गाडी आत्ता हवी असते. पण फट जिथल्या तिथेच राहते. तिच्यावर पेट्रोलचं पांघरूण पडतं, एवढंच.

शिवाय फट सहसा सगळ्या सिलिंडरांना सारखी हवा देत नाही. मॅनिफोल्डच्या एका फाट्याजवळचं पॅकिंग फाटलं असेल तर त्या फाट्याचा सिलिंडर उपाशी राहतो, आणि त्याला पुरावं म्हणून वाढवलेलं पेट्रोल उरलेल्या दोघांना जास्त होतं. प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले तर ही कहाणी दिसते: एक पांढराफटक, दोन काजळी धरलेले. तीन सिलिंडरच्या गाडीत एक जरी लंगडला तरी ताकदीचा तिसरा भाग गेला. दर सहा महिन्यांनी 'ट्यूनिंग' करून घेऊनही ॲव्हरेज घसरत जाणाऱ्या गाड्यांत हा प्रकार पुष्कळदा असतो. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच आहे की हवा कुठून येते हे सापडेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही, आणि लावलाच तर आधी तो किती फेरे उघडा होता हे लिहून ठेवायचं.

या कामी एक साधन तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आधीपासूनच असतं आणि त्याकडे कुणी बघत नाही. ते म्हणजे पीयूसीची चिठ्ठी. जुन्या पेट्रोल गाडीची ही तपासणी आयडलिंगलाच होते, म्हणजे हवेची गळती सर्वांत जास्त बोलते त्याच वेळी. चिठ्ठीवर दोन आकडे असतात. एक कार्बन मोनॉक्साइडचा, टक्क्यांत. दुसरा हायड्रोकार्बनचा, पीपीएममध्ये. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकी गाड्यांना मर्यादा आहे ती ३ टक्के आणि १५०० पीपीएम. पेट्रोल जास्त झालं की कार्बन मोनॉक्साइड चढतो, कारण जळायला हवा अपुरी पडते. मिसिंग झालं की न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर येतं आणि हायड्रोकार्बन चढतो. म्हणून पहिला आकडा अगदी कमी आणि दुसरा भलताच जास्त असेल, तर मिश्रण पातळ होऊन पेटत नाही असा संशय घ्यावा. तिथे हवेची गळती शोधायलाच हवी. दोन्ही आकडे चढलेले असतील तर कुणीतरी आधीच पांघरूण घालून ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी. मागच्या तीन-चार चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील तर दुखणं कधी सुरू झालं हेही कळतं.

दुसरी खूण चोकची. इंजिन पुरतं गरम झाल्यावर, थरथरत असताना, चोक थोडासा ओढून बघा. चोक वरून हवा अडवतो, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल वाढतं. धडधाकट गरम इंजिन यामुळे गुदमरतं. हवा घेणारं इंजिन उलट सुधारतं; थरथर कमी होते, फेरे सावरतात. सुधारलं तर मिश्रण पातळ आहे हे नक्की. आता ते जास्त हवेमुळे की कमी पेट्रोलमुळे, एवढंच उरतं. पायलट जेटमध्ये कचरा अडकला तरी हीच लक्षणं दिसतात, म्हणून जेट काढून हवेने साफ करणं हे काम शोधमोहिमेच्या आधीच उरकून घ्यावं. पॉइंटचा गॅप, प्लग, टॅपेट हेही त्याच बैठकीत. पावसाळ्यात प्लगच्या वायरींना ओल धरली की होणारं मिसिंग वेगळं, ते वायरी पुसल्यावर जातं.

फट शोधताना

सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे हातभर लांबीची रबरी नळी. एक टोक कानाशी धरायचं, दुसरं इंजिनावर सांध्यासांध्यांतून हळूहळू फिरवायचं. फटीसमोर आलं की कानात एकदम फुत्कार येतो. हे करताना सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी काही लोंबतं ठेवू नये. रेडिएटरचा विजेवरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो.

मग नळ्या. मॅनिफोल्डवरून निघणारी प्रत्येक रबरी नळी एकेक करून पकडीने दाबायची. पकडीच्या दातांवर फडकं गुंडाळा, नाहीतर शोधता शोधता नवी फट तयार कराल. एखादी नळी दाबल्यावर इंजिनाचा सूर बदलला, तर हवा त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या टोकाला जोडलेल्या वस्तूत शिरते आहे. गळती मॅनिफोल्डच्या बाजूला आहे की नळ्यांच्या, याचा निकाल दहा मिनिटांत लागतो. क्रँककेसमधून वाफा ओढणारी नळी याला अपवाद. ती दाबल्यावर धडधाकट इंजिनाचाही सूर थोडा बदलतो, कारण तिच्यातून काही हवा मुद्दामच घेतलेली असते.

सांध्यांसाठी पाण्याचा बारीक फवारा पुरतो. केस विंचरताना वापरतात तसली बाटली घ्यावी आणि कार्बोरेटरच्या तळाशी, मॅनिफोल्डच्या कडांवर थोडं थोडं मारावं. पाणी फटीवर आलं की क्षणभर हवा अडते, किंवा पाणी आत ओढलं जाऊन इंजिन अडखळतं. डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर मात्र पाणी उडता कामा नये. साबणाचे बुडबुडे इथे शोधू नका. पंक्चर काढताना हवा बाहेर येते म्हणून बुडबुडे फुगतात. इथे ती आत जाते, त्यामुळे फेस आत खेचला जाऊन नाहीसा होतो. तेलाच्या कुपीने सांध्यावर इंजिन ऑइलचे थेंब सोडायची जुनी रीतही चांगली आहे. तेल फटीत बसलं की इंजिन थोडा वेळ सावरतं आणि मागून निळसर धूर येतो.

कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारला तर फरक जास्त स्पष्ट कळतो, कारण तो जळतो आणि फटीतून आत गेला की फेरे बदलतात. पण तो जळतो हीच त्यातली धास्ती. अनेक जुन्या गाड्यांत इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना खेटून असतात, आणि एक्झॉस्ट तापून लाल होण्याच्या बेतात असतो. स्प्रे वापरायचाच तर इंजिन थंड असताना, इवलासा, उघड्या जागेत आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवून. काही ठिकाणी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून थेट पेट्रोल शिंपडतात. ते कितीही अनुभवी माणूस करत असला तरी करू देऊ नका. फटीकडे धूर ओढला जातो हे पाहायला पेटती अगरबत्ती फिरवायची कल्पनाही सुचू शकते. कार्बोरेटरजवळ निखारा नेणं तितकंच घातक आहे.

धुराने शोधायची खरी रीत वेगळी आहे. इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये अगदी हलक्या दाबाने, एक पीएसआयच्याही आत, यंत्राने तयार केलेला धूर भरतात. मग जिथे फट असेल तिथून धुराची रेघ बाहेर येते आणि टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसते. मोठ्या वर्कशॉपमध्ये हे यंत्र असतं. घरच्या घरी सगळं करून थकल्यावर तिथे जायला काहीच हरकत नाही.

व्हॅक्यूम गेजने फटीची जागा सापडत नाही, पण दुखणं कोणत्या जातीचं आहे ते कळतं. काटा स्थिर पण खाली असेल, तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. काटा ठरावीक लयीत खाली झटके देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. हळूहळू वरखाली डुलत असेल, तर मिश्रण. आकडा वाचताना आपण कुठे उभे आहोत हे विसरू नये. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी धरायचा. मुंबईत १९ इंच दाखवणारी गाडी पुण्यात १७ दाखवेल आणि महाबळेश्वरला १५ च्याही खाली जाईल, तरी तिला काहीही झालेलं नसेल.

कुठे सापडते आणि काय करायचं

सर्वांत आधी रबर बघावं. इंजिनाच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफांनी ते कडक होतं आणि टोकाला, जिथे ते धातूच्या नळीवर चढवलेलं असतं, तिथेच चिरतं. वरून नळी साबूत दिसते. टोक वाकवून पाहिलं की भेगा उघडतात. लांबी पुरत असेल तर चिरलेलं टोक सेंटीमीटरभर कापून पुन्हा चढवता येतं, पण ती तात्पुरती सोय. एक नळी गेली असेल तर तिच्या वयाच्या बाकीच्याही गेलेल्याच आहेत असं समजून सगळ्या बदलाव्यात. नवी नळी व्हॅक्यूमसाठीच बनवलेली, जाड भिंतीची घ्यावी. पाण्याची किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी गरम झाली की आतून चपटी होते. वापरात नसलेली तोंडं बुजवणाऱ्या रबरी टोप्याही बघाव्यात. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि कित्येकदा टोपीच्या जागी नळीचा तुकडा लावून त्यात स्क्रू खुपसलेला सापडतो.

ज्या गाड्यांना नंतर सीएनजी किट बसवलं त्यांत हे जास्त आढळतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्यांतल्या कित्येकींनी शेवटची वर्षं सीएनजीवर काढली होती. किट बसवताना मूळच्या नळ्यांमध्ये टी-जोड घातले जातात, काही किटांत रेड्यूसरसुद्धा मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो. प्रत्येक जोड म्हणजे दोन नवी टोकं. गॅसवर पातळ मिश्रण झालं की बॅकफायर होतो, आणि त्या झटक्याने हवेचा पाइपच निसटतो किंवा फाटतो. गॅसवर गाडी वरचेवर 'फट्' असा आवाज करत असेल तर किट बदलण्याच्या गोष्टी करण्याआधी हे जोड तपासावेत.

कार्बोरेटरच्या बुडाशी एक जाड, उष्णता अडवणारा तुकडा आणि त्याच्या वर-खाली पॅकिंग असतं. इथली गळती बहुधा माणसाने केलेली असते. नट गच्च असावेत म्हणून ताकदीने आवळतात. कार्बोरेटरचं अंग मऊ मिश्रधातूचं, ते कानांशी वाकतं आणि मध्ये फट पडते. मग फट बंद करायला आणखी आवळतात, आणि ती वाढते. कार्बोरेटर काढून त्याच्या तळावर स्टीलची सरळ पट्टी उभी धरावी. पट्टीखाली ०.१ मिलिमीटरची फीलर पट्टी सहज सरकत असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून तळ घासून सपाट करावा, किंवा टर्नरकडून फेस काढून घ्यावा. नवं पॅकिंग कोरडं बसवावं. साधं सिलिकॉन सोल्यूशन इथे लावू नये. पेट्रोल लागलं की ते फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे आत जातात. नट थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत.

मॅनिफोल्डचं हेडजवळचं पॅकिंग हे त्याहून मोठं काम. ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आणि बीडाचं हेड गरम होताना वेगवेगळ्या मापाने फुगतात, त्यामुळे सांधा वर्षानुवर्षं घासला जातो. म्हणूनच काही गाड्या सकाळी थरथरतात आणि गरम झाल्या की शहाण्या होतात, काहींचं याच्या उलट. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश बीएमसीच्या घराण्यातलं. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतात, आणि काही ठिकाणी एकच जाड वॉशर दोघांच्या कडा मिळून दाबतो. दोन्ही कडांची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरपा बसतो; एक बाजू घट्ट, दुसरी सैल. दुसऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड आणून लावला की हे हमखास होतं, आणि मग कितीही पॅकिंग बदला, गळती परत येते. जाडी मोजून जास्त असलेली कड घासून घेणं हाच उपाय. जुनं पॅकिंग खरवडताना ते आधी ओलं करावं, कारण त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. ज्या मॅनिफोल्डमधून रेडिएटरचं पाणीही फिरतं, तिथे पाणी काढल्याशिवाय नट सोडू नयेत. आवळताना मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जावं.

थ्रॉटलच्या शाफ्टची झीज ओळखणं सोपं आणि दुरुस्त करणं नाजूक. इंजिन चालू असताना शाफ्टचं टोक बोटाने वर-खाली हलवून बघा. फेरे बदलले तर शाफ्टचं भोक झिजून लंबुळकं झालं आहे. स्प्रिंग वर्षानुवर्षं एकाच बाजूला ओढत असते, त्याचा हा परिणाम. चांगला टर्नर ते भोक मोठं करून ब्राँझचा बुश ठोकतो. बुश केसाएवढाही तिरका बसला तर झडप गळ्यात घासते, म्हणून हे काम कार्बोरेटरचीच कामं करणाऱ्या माणसाकडे द्यावं. झडपेचे दोन बारीक स्क्रू परत बसवल्यावर त्यांची टोकं ठोकून पक्की केली आहेत ना, हे स्वतः विचारावं. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये पडतो.

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या गोल डबीत एक रबरी पडदा असतो, तो टायमिंग पुढे-मागे करतो. तिची नळी काढून तोंडाने ओढायची आणि टोकावर जीभ ठेवायची. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत. काही गाड्यांत ही नळी थ्रॉटलच्या कडेच्या भोकाला जोडलेली असते, आयडलिंगला तिच्यात ओढच नसते. त्यामुळे पडदा फाटला तरी आयडलिंग चांगलं राहतं आणि गाडी नुसती मंद होते.

ज्या गाडीला ब्रेकचा बूस्टर आहे, तिथे मात्र एक दिवसही टाळाटाळ नको. इंजिन बंद असताना ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावं. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा पेडल दाबल्यावर पायाशी फुसफुस ऐकू आली, तर बूस्टरचा पडदा, त्याची नळी किंवा तिच्यातला एकदिशा व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गेलं आहे. हा दोष आयडलिंग बिघडवतोच, पण ऐन वेळी ब्रेकला दुप्पट-तिप्पट जोर लावायला भाग पाडतो. बूस्टर खोलून शिवण्याच्या भानगडीत न पडता बदलावा.

नव्या शतकाच्या उंबरठ्यावर मारुतीत एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल देणारी व्यवस्था आली, आणि त्या गाड्यांत लक्षणं थोडी वेगळी असतात. त्यांचा मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाबच मोजतो. फटीतून आलेल्या हवेनेही दाब वाढतो, कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल देतो, आणि गाडी थरथरण्याऐवजी तिचं आयडलिंगच चढून बसतं. आत येणारी हवा फिल्टरजवळ मोजणाऱ्या गाड्यांचं दुखणं कार्बोरेटरसारखं, पातळ मिश्रणाचं. परदेशी गाड्यांबद्दलचं वाचून आपल्या गाडीवर प्रयोग करण्याआधी तिच्यात कोणता सेन्सर आहे ते पाहून घ्यावं.

फट बंद झाली की गाडी बहुधा आधीपेक्षा वाईट चालते. इंजिन भराभर फिरतं, धूर काळा येतो. घाबरू नये; फटीवर पांघरूण म्हणून उघडलेले स्क्रू अजून तसेच आहेत. आता त्यांची पाळी. इंजिन बंद करून मिक्श्चर स्क्रू अलगद टेकेपर्यंत बंद करायचा, आवळायचा नाही, नाहीतर त्याच्या टोकाला कायमची वळी पडते. मग दीड-दोन फेरे उघडून इंजिन सुरू करायचं आणि पुरतं गरम होऊ द्यायचं. गेज लावून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत काटा सर्वांत वर कुठे जातो ते बघायचं, मग आयडलिंगचा स्क्रू कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणायचा. एकाने दुसरा थोडा बदलतो, म्हणून दोन-तीनदा आलटून पालटून. टायमिंग शेवटी तपासायचं. मग नवे किंवा साफ केलेले प्लग लावून शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि ते परत काढून बघावेत. तिन्हींचा रंग फिका तपकिरी आणि एकसारखा असला पाहिजे. एक जरी पांढरा असला तर त्या फाट्याशी पुन्हा पाण्याची बाटली घेऊन बसावं. तिन्ही सारखे आले की पीयूसी करून घ्यावी आणि जुन्या चिठ्ठीशेजारी ठेवून दोन्ही आकडे बघावेत. १५ वर्षांच्या पुढच्या गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत तपासणीला उभं राहावंच लागतं. त्या आधी महिनाभर हे सगळं उरकलेलं बरं.